पंचमीच्या आठवड्यातली गणती

पोटापाण्यासाठी माणूस काय काय करतो! मी सल्ला द्यायचो. तोही कुणा एकट्यादुकट्याला नाही, अख्ख्या संस्थानाला. कृष्णाकाठी त्या काळी संस्थानं पायलीला पन्नास. त्यातल्याच एका लहानशा संस्थानाच्या बांधकाम खात्यात मी नोकरीला होतो. पूल बांधावा की नाही, रस्ता कुठून न्यावा, तळं खोदलं तर कुणाच्या उपयोगी पडेल, असल्या प्रश्नांवर अभिप्राय लिहायचे हे माझं काम. अक्षर माझं, सही साहेबांची. सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात चार वर्षं घासून हाती आलेली ही विद्या. आई गावभर सांगत सुटायची, "माझं पोरगं राजाला सल्ला देतंय." राजाला मी आयुष्यात दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा पाठमोरं.

साहेब पुण्याकडचे इंजिनिअर. माणूस सरळ, पण मोजल्याशिवाय श्वाससुद्धा घेणार नाही असा. पाटील काय म्हणतो, मामलेदार काय म्हणतो, याला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "मत नको, गणती आणा," म्हणायचे. घाटावर आठ दिवस बसायचं, छापील तक्ता मांडीवर घ्यायचा, आणि नदी ओलांडून किती माणसं गेली, किती आली, किती गाड्या, किती जनावरं, त्याच्या रेघा ओढायच्या. अशा गणत्या वर्षातून तीन: हिवाळ्यात, उन्हाळ्यात, पावसाळ्यात. आणि गणती कशासाठी चालली आहे ते काठावरच्या कुणाला सांगायचं नाही, हा साहेबांचा सक्त नियम. सांगितलं की लोक गणती बिघडवतात, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा वाटायचं, साहेबांना आमचे लोक ठाऊक नाहीत. ठाऊक मला नव्हते.

आमचं गाव कृष्णेच्या अलीकडच्या काठावर, संस्थानात. पलीकडचा काठ सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, त्या पलीकडच्या गावात दिलेली. आमच्या घाटावर उभं राहिलं की तिच्या गावचं देऊळ दिसायचं, तिच्या परड्यातली चिंच दिसायची. इतक्या जवळ लेक पडली म्हणून लोक आईला भाग्याची म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं! हिवाळ्या-उन्हाळ्यात ठीक होतं; घाटाखाली गाड्या गुडघाभर पाण्यातून जायच्या, माणसं होडीतून. पण पाऊस धरला की नदी फुगायची, तिचं पाणी मागच्या ओढ्यात शिरायचं आणि आक्काच्या गावाला वेढा पडायचा. सांगलीच्या पुलावरून लांबचा वळसा घ्यावा तर तो ओढाच ओलांडता येत नसे. आमच्या घाटावर महादेवाचा नंदी आहे. त्याच्या पायरीला पाणी लागलं की होडी बंद, असा जुना दंडक. आषाढात लागलेलं ते पाणी भाद्रपदाशिवाय काही उतरायचं नाही.

आणि पंचमी येते श्रावणात.

तिकडं शिराळ्याला जिवंत नाग पुजायचे, मुलूख लोटायचा बघायला. आमच्याकडं नागोबा मातीचा, पण बायकांना त्या सणाचं वेड दिवाळीपेक्षा जास्त. त्या दिवशी विळी हातात धरायची नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची, ज्वारीच्या लाह्या फोडायच्या. सासरी गेलेल्या पोरी माहेरी यायच्या आणि दिवसभर फेर धरायच्या, झोके घ्यायच्या. आदल्या दिवशी चतुर्थीला बहिणींचा भावासाठी उपास. आक्काचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत ती पंचमीला एकदाही माहेरी आली नव्हती. दिवाळीत यायची, उन्हाळ्यात यायची, चार दिवस राहून जायची, पण त्यानं आईचं समाधान व्हायचं नाही. "दिवाळीला पावनी येती रं," ती म्हणायची, "लेक पंचमीला येती." आईचे गुडघे गेले होते, नजर मंदावली होती. आमच्या परड्यातल्या लिंबाला दरसाल ती झोका बांधायला लावायची आणि शेजारच्या पोरी त्यावर झुलायच्या. आपले डोळे मिटायच्या आत त्या झोक्यावर आपली लेक एकदा बघायची, एवढं एकच मागणं तिचं उरलं होतं.

तेव्हा एका पौषात साहेबांनी माझ्यापुढं फाईल टाकली आणि वर नाव वाचलं तर आमचाच घाट! आमच्या घाटावर पूल बांधावा काय, अभिप्राय द्यावा. आईला सांगावं म्हणून जीभ नुसती वळवळत होती, पण नियम म्हणजे नियम. मी तोंड शिवलं आणि माघात एका शिपायाला घेऊन घाटावर जाऊन बसलो.

दुसरी मोठी लढाई संपली होती, पण लेव्ही संपली नव्हती. सरकार घरोघरचं धान्य ठरलेल्या भावानं उचलून नेत होतं आणि लोक पोतं दिसेल तिथं लपवत होते. अशा दिवसांत कोटटोपी घातलेला एक माणूस छापील कागद घेऊन नदीच्या तोंडाशी बसलाय आणि गाडी दिसली की रेघ ओढतोय! पहिल्या दिवशी बऱ्या चालीनं गाड्या आल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या. तिसऱ्या दिवसापासून माझ्यापुढून काय गेलं म्हणाल तर दोन वैदू, एक कुंभाराचं गाढव आणि घाटावरचा गुरव. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. गाड्या गेल्या कुठं तेच कळेना. आठ दिवसांचा तक्ता साहेबांपुढं ठेवला तेव्हा ते म्हणाले, "एवढ्यावर पूल सोडा, साकवसुद्धा होत नाही हो."

चैत्रात आक्काच्या गावची जत्रा होती, म्हणून मी पलीकडं गेलो. दाजी वर्षापूर्वीच फौजेतून हवालदार होऊन परतले होते. मिशी, खाकी चड्डी आणि प्रत्येक गोष्टीला हुकूम. जेवताना मी सहज विषय काढला, की हल्ली तुमच्या गावच्या गाड्या आमच्या घाटानं येत नाहीत का.

दाजी घास चावत म्हणाले, "येत हुत्या की. पर माघात घाटावर लेव्हीचा कोन सायेब बसला हुता. मंग आमी समद्यांनी मैलभर वरच्या उतारानं गाड्या घातल्या. म्या सोता हुबा ऱ्हाऊन वळिवल्या. एक गाडी म्हनून गावू दिली न्हाई त्येला."

"आवं दाजी, तो सायेब मी होतो!"

"तुमी?" दाजींनी माझ्याकडं खालीवर बघितलं. "टोपीमुळं वळाकलं न्हाई बगा."

आक्का पदर तोंडाशी धरून हसायला लागली. मला मात्र संताप आवरेना. कपाळ माझं! ज्या गाड्यांसाठी मी आठ दिवस उन्हात वाळलो, त्या माझ्याच दाजींनी वळवल्या होत्या. त्या संतापात माझं तोंड सुटलं. "लेव्ही नव्हती ती, पूल होता पूल! गाड्या दिसल्या असत्या तर इथं पूल झाला असता."

आक्काचं हसू एकदम थांबलं. ती ताटापुढं खाली बसली. "आपल्या घाटावर पूल?"

"होईल असं नाही. पण विचार चाललाय."

"म्हंजी पुरातबी येता येईल?"

"पूल झाला तर कधीही येता येईल."

ती पुन्हा वाढायला उठली. तिनं माझ्या पानात पुरणाची दुसरी पोळी टाकली, तिसरी टाकली, मी नको नको म्हणत असताना वर तुपाची धार धरली. मी दाजींना बजावलं, की उन्हाळ्यात पुन्हा गणती आहे, तेव्हा नेहमीसारखे नेहमीच्या वाटेनं या, बस, दुसरं काही करू नका. दाजींनी मान डोलावली. पण मी "नेहमीसारखे" म्हटलेलं त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं. त्यांच्या कानात फक्त "पूल" शिरला होता.

वैशाखात मी तक्ता घेऊन बसलो आणि बघतो तर काय, समोरच्या काठावरून गाड्यांची रांग लागलेली. दोन गाड्यांमध्ये अंतर बेतशीर, सारखं. पहिल्या तासाभरात मी चाळीसएक रेघा ओढल्या आणि मनात म्हटलं, बघा साहेब, याला म्हणतात वाहतूक. मग एक पांढरा बैल गेला, एका शिंगाचा. दुसरं शिंग बुडातून मोडलेलं. थोड्या वेळानं तो परत आला. मग पुन्हा गेला. दुपारपर्यंत तो एकशिंग्या माझ्यापुढून पाच वेळा गेला आणि पाच वेळा आला. गाडीतल्या पोत्यांना हात लावून बघितला तर आत उसाचं पाचट कोंबलेलं. मागल्या गाडीवर शेजारच्या गावचे एक जैन व्यापारी बसलेले, गुळाच्या धंद्यातले. त्यांची तर गाडीही नव्हती, दाजींनी शोभेला बसवून आणले होते. मला बघून ते बिचारे नजर चुकवायला लागले.

मी धावत दाजींना गाठलं. ते मधल्या वाळूत उभे राहून हातवारे करत गाड्या सोडत होते.

"दाजी, हे काय मांडलंय?"

"फौजेत असंच असतंय, पावनं. इन्स्पेक्शनच्या दिशी समदं चालू दिसाय पायजे. तुमी निस्त्या रेगा वडा, बाकीचं आमच्यावर सोडा."

"आवं, पण हे खोटं आहे!"

"खोटं कसं? बैल खरं हायती, मानसं खरी हायती, नदी खरी हाय."

मी जोरात ओरडलो, हात जोडले, आक्काची आण घातली. दाजी म्हणाले, बरं, उद्यापासून कमी सोडतो. दुसऱ्या दिवशी खरंच थोड्या कमी सोडल्या. मी बसून एकशिंग्याच्या रेघा खोडत होतो, खऱ्या कोणत्या आणि खोट्या कोणत्या याचा मलाच पत्ता लागत नव्हता. आणि तिसऱ्या दिवशी, कळवलं नाही सवरलं नाही, साहेब घाटावर हजर.

माझ्याजवळ जांभळीखाली घडीची खुर्ची टाकून ते अर्धा तास गप्प बसून राहिले. एकशिंग्या गेला. एकशिंग्या आला. तो पुन्हा पाण्यात उतरायला निघाला तेव्हा साहेब उठले आणि गाडीवानाला म्हणाले, "कुठं चाललात?"

"पलीकडं, सायेब."

"काय काम आहे?"

तो गाडीवान म्हणजे सज्जन माणूस, खोटं बोलायची सवय नाही. त्यानं कासरा आवरला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "परत यायाचं हाय."

साहेब हसले. चांगले खो खो हसले. मला वाटलं, सुटलो. पण हसू संपल्यावर त्यांनी माझ्या मांडीवरचा तक्ता उचलला, मधोमध आडवी रेघ मारली आणि विचारलं, "यांना सांगितलं कुणी?"

"मी," म्हटलं. "साहेब, माझी बहीण तिकडं दिलीय. पावसात तिला माहेरी येता येत नाही."

त्यांनी खुर्चीची घडी घातली. मग म्हणाले, "प्रत्येक घाटावर कुणाची ना कुणाची बहीण असतेच हो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता तरी आलं असतं. "ही गणती रद्द. हिवाळ्यातली धरायची. ती कमी असेल, पण कुणी नटवलेली नाही."

"साहेब, ती तर साफ खोटी आहे. लोक दुसऱ्या उतारानं गेले होते."

"पुरावा?"

पुरावा कुठून आणणार? पुरावा म्हणजे दाजी, आणि त्यांना साहेबांनी आत्ताच वाळूत कवायत घेताना पाहिलं होतं. करायला गेलो गणपती, झाला मारुती. साहेब म्हणाले, "पावसाळ्यातली तेवढी राहिलीय. ती नीट करा आणि अभिप्राय लिहून टाका. आपलं संस्थान तरी किती दिवस आहे कुणाला माहीत."

त्यांचं खरंच होतं. त्या पावसाळ्यात स्वातंत्र्य आलं. कचेरीवर झेंडा लागला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून कचेरीत एकच बोलणं: संस्थान जाणार, आपलं काय होणार. पलीकडच्या जिल्ह्याला आम्ही खर्चाच्या वाट्याबद्दल पत्र धाडलं होतं, मसुदा माझाच. त्याचं उत्तर काही आलं नाही. पण तक्त्याचा एक रकाना कोरा राहिला होता आणि साहेबांना कोरा रकाना खपत नसे. पावसाळ्यातली गणती लागली ती नेमकी पंचमीच्या आठवड्यात. तारखा मी ठरवल्या नव्हत्या. पण त्या बदलून घ्याव्यात असंही मला सुचलं नाही.

नंदीचे पाय केव्हाच पाण्यात गेले होते. होडी वर ओढून महादेवाच्या देवळाच्या भिंतीशी पालथी घातलेली. मी देवळाच्या ओवरीत तक्ता घेऊन बसायचो. गेले: शून्य. आले: शून्य. गाड्या: शून्य. शेऱ्याच्या रकान्यात: पूर, होडी बंद. चार दिवस हेच. शिपाई आडवा होऊन घोरायचा.

पंचमीच्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर आई घाटावर आली. काठी टेकत, एका हातात लाह्यांचं ताट, वर फडकं. मी म्हटलं, "तू कशाला आलीस एवढ्या चिखलात?"

"दर सालाला येती की," ती म्हणाली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कानावर होतं. पण मी शिकायला सांगलीत, मग नोकरीत. पंचमीच्या दुपारी मी घाटावर कधी आलोच नव्हतो. आईच्या मागून शेजारची काकू आली. मग पाटलाची म्हातारी, मग कुंभारीण, मग आणखी बायका. कुणाच्या हातात लाह्या, कुणाच्या हातात दिंडं. सगळ्या येऊन घाटाच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि पलीकडं बघायला लागल्या. मीही बघितलं. मध्ये ते गढूळ, रुंद पाणी, त्यातून झाडाच्या फांद्या वाहत चाललेल्या. आणि त्या काठावर, देवळापासून चिंचेपर्यंत, बायका उभ्या होत्या. हिरवी, तांबडी लुगडी. आमच्या गावच्या लेकी. काही जणींच्या हातात गाठोडी होती. होडी सुटणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी गाठोडी बांधून आल्या होत्या.

"आपली कोनती रं?" आईनं विचारलं. तिला त्या काठावर नुसते रंग दिसत होते.

"चिंचेखाली. पदर पसरून उभी आहे बघ."

आक्कानं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी रुंद पसरून धरला होता, आईला ओळखू यावं म्हणून. काल तिनं माझ्यासाठी उपास धरला असणार. आईनं ताट पुढं केलं, फडकं काढलं आणि मूठभर लाह्या पाण्यात टाकल्या. त्या क्षणात दिसेनाशा झाल्या. कुणी रडत नव्हतं. एकमेकींना सांगत होत्या, माझी वाळलीय जरा, तुझ्या पोरीच्या कडेवर कोन हाय, दुसरं झालं जनू. मला मात्र तिथं थांबवेना. मी उठून ओवरीत आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. पुराच्या पाण्यात आमच्याकडं कधीकधी गुळाची काहील, ती भली मोठी कढई, लोटून तिच्यात बसून माणसं जातात, तसं आपण जावं का, असंही मनात येऊन गेलं. दाजींनी एकदा आक्काला तसं आणतो म्हटलं तेव्हा आईनंच आपल्या गळ्याची शपथ घातली होती. काय करू? मी तक्ता उचलला. नुसतं हातात काहीतरी असावं म्हणून उचलला.

आईनं ते बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण मी इथं बसून काय करतो ते आता गावाला ठाऊक होतं. ती म्हणाली, "लिवलंस का रं तिला?"

"कुणाला?"

"आपल्या आक्कीला. ती बग हुबी हाय. तुजा कागूद सरकारात जातोय न्हवं? त्यात लिव, की पोरगी आली हुती म्हनून."

मी तक्त्याकडं बघितलं. गेले, आले. ज्यांनी नदी ओलांडली त्यांचा रकाना होता. काठापर्यंत येऊन जे उभे राहिले त्यांचा नव्हता. हे आईला कसं सांगायचं? तोंडातून निघून गेलं, "लिवलं, आई."

"खरंच?"

"व्हय, लिवलं."

आईनं ताट खाली ठेवलं. दोन्ही हात वर करून ती त्या पाण्यावरून ओरडली, "लिवलं गं! लिवलं तुला!" वारा आमच्या तोंडावर येत होता. आक्काला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिनं पदर हलवला फक्त. आणि मग बाकीच्या बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. "माझीबी लिव की रं बाबा. ती तांबड्या लुगड्याची." "माझी देवळापशी हाय, पोराला घिऊन." कुंभारीण तर हाताला धरून म्हणाली, "माझ्या दोगी हायत्या, एक न्हवं." मी तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा ओढत गेलो. एकेक बाई बोटानं दाखवायची, मी रेघ ओढायचो, ती वाकून बघायची आणि बाजूला व्हायची. सगळ्या झाल्या तेव्हा संध्याकाळ उतरत होती. पलीकडच्या पोरी एकेक करून गाठोडी उचलून परत फिरल्या. शेवटी आक्का फिरली.

कचेरीत गेल्यावर मी धीर करून साहेबांना ती मागची बाजू दाखवली. त्यांनी चष्मा काढला, कागद उजेडाला धरला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "यातली एक तरी ओलांडून आली का?"

"नाही."

"मग मी काय करू, सांगा तुम्हीच."

त्यांनी खरंच विचारलं होतं. मी उत्तर द्यायला हवं होतं, त्यासाठीच तर मला पगार होता. त्याऐवजी मी तक्ता स्वच्छ कागदावर उतरवून काढला आणि त्याखाली अभिप्राय लिहिला. वाक्य माझं आहे, साहेबांनी सांगितलेलं नाही. अशी वाक्यं लिहायची हाताला सवयच लागली होती. "पावसाळ्यात सदर घाटावर वाहतूक मुळीच होत नाही, सबब त्या काळासाठी पुलाची निकड दिसून येत नाही." साहेबांनी सही केली. फाईल वर गेली आणि "मान्य" असा शेरा घेऊन खाली आली. काही महिन्यांनी संस्थान विलीन झालं तेव्हा ती बाकीच्या गठ्ठ्यांबरोबर नव्या कचेरीत गेली. नव्या कचेरीनं ती उघडली असेल तर तिला ते वाक्य तयारच सापडलं असणार.

पण त्याच्या आधी दिवाळी आली. पाणी उतरलं होतं, होडी चालू होती. मी आक्काकडं निघताना आईनं करंज्यांचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, "आपलं लिवलेलं पोचलं का रं वर?" मी म्हटलं, पोचलं. तिनं आनंदानं शेजारच्या काकूला हाक मारून सांगितलं.

भाऊबीजेला आक्कानं पाट मांडला, रांगोळी घातली, मला ओवाळायला घेतलं. दाजी बाहेर बैलांना पाणी दाखवत होते. ताट फिरवता फिरवता ती म्हणाली, "पंचमीदिशी आई हात वर करून काय वरडत हुती रं? मला लय दिस इच्यारायचं हुतं."

मला खोटं बोलता आलं असतं. आईशी बोललोच होतो. पण निरांजनाच्या उजेडात आक्काचं तोंड अगदी समोर होतं, आणि तिनं माझ्यासाठी नऊ वर्षं उपास धरले होते.

"मी तुला कागदात लिवलं, असं सांगत होती."

"कागदात? सरकारच्या?" तिचा हात थांबला. तोंडभर हसली ती, लहानपणी हसायची तशी. "मंग लिवलंस मला?"

"न्हाई गं आक्का. लिहायला जागाच नव्हती."

वात फडफडली तशी तिनं आडवा हात धरला, वात स्थिर होईपर्यंत वाट बघितली आणि उरलेलं ओवाळून पुरं केलं. कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग माझ्याच गाठोड्यातली आईची करंजी मोडून निम्मी माझ्या तोंडात घातली.

"आईला सांगू नगंस," ती म्हणाली.